लेकीला मांडीवर घेऊन दहा तास

आमच्या लेकीची नानी लंडनला मामूकडे राहते. तिला आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस लागते, दर वेळी सुमारे चार तास. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना सांगायला नको की अशा माणसाचे पाऊल घरापासून फार लांब पडत नाही. नानीला पनवेलला येणे शक्य नव्हते. नात एकोणीस महिन्यांची झाली तरी नानीने तिला फोनच्या काचेतूनच पाहिलेले. लेकीला 'नानी कुठे?' विचारले की ती फोनकडे बोट दाखवी. नानी फोनमध्येच राहते, अशी तिची समजूत होती.

तेव्हा आम्हीच जायचे ठरवले. मुंबई ते लंडन थेट विमान, साधारण दहा तास. दोन वर्षांखालील मुलाला आईबापाच्या मांडीवर नेता येते आणि परदेशी प्रवासात त्याचे भाडे मोठ्या माणसाच्या भाड्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास पडते. दोन वर्षे पूर्ण झाली की मुलाची स्वतंत्र जागा घ्यावीच लागते. जाताना मूल दोन वर्षांखाली असेल आणि परतीच्या तारखेआधी त्याचा दुसरा वाढदिवस येत असेल, तर परतीला जागा घ्यावी लागते. आमच्यासारख्या पगारदार घराला हा हिशेब महत्त्वाचा. पण खरी घाई पैशाची नव्हती. नानीची तब्येत वाट पाहण्यासारखी नव्हती.

खानदानात बातमी फुटली आणि सल्ले सुरू झाले. फूफी म्हणाल्या, "एवढ्याशा पोरीला दहा तास कोंडून नेणार? थांबा की वर्षभर." शेजारच्या खाला म्हणाल्या, "सर्दीचं औषध द्या दोन चमचे, लंडन येईपर्यंत झोपेल." एका चाचांनी मोबाइल भरून कार्टून न्यायला सांगितले. सगळ्यांना काळजी होती म्हणूनच सगळे बोलत होते. पण आमच्यापुढचा प्रश्न थोडा वेगळा होता. लेकीने दहा तास गप्प बसावे, एवढेच आम्हाला नको होते. उतरल्यावर तिने नानीकडे जावे, हे हवे होते. डायलिसिससाठी नानीच्या डाव्या हाताच्या शिरा शस्त्रक्रियेने जोडल्या आहेत. त्या हातावर वजन घेता येत नाही. म्हणजे रडणाऱ्या, हातपाय झाडणाऱ्या नातीला ती उचलून घेऊ शकणार नव्हती. मूल आपणहून तिच्याजवळ जायला हवे. दमलेले, घाबरलेले, औषधाने सुस्तावलेले मूल अनोळखी माणसाजवळ जात नाही.

औषधाचा सल्ला आम्ही आमच्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी साफ नकार दिला. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलएफ्रिन या दोन औषधांचे सर्दीवरचे ठरावीक मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये बजावले आहे. शिवाय अशा औषधाने काही मुले झोपण्याऐवजी उलट जास्त चिडतात. तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या पालकांना आमची हात जोडून विनंती आहे, झोपेसाठी म्हणून कुठलेही औषध देऊ नका. डॉक्टरांनी लेकीचे कान मात्र तपासले. सर्दी किंवा कानाचा संसर्ग असला तर विमानात कान फार दुखतो, म्हणून निघण्याआधी ही तपासणी करून घेणे चांगले.

मोबाइलचेही असेच. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये लहान मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत एक वर्षाच्या मुलांना पडद्यापुढे बसवू नये आणि दोन वर्षांच्या मुलांसाठी तासाभरापेक्षा जास्त वेळ नको, असे म्हटले आहे. आम्ही फार कडक लोक नाही. दोन गोष्टी मोबाइलमध्ये घेऊन ठेवल्या होत्या, अगदीच अडचण आली तर म्हणून. पण भरवसा दुसऱ्याच गोष्टींवर ठेवला.

दहा तास म्हणजे सहाशे मिनिटे. कागद घेऊन आम्ही हिशेब मांडला. लेकीची दुपारची झोप दोन तासांची. संध्याकाळची एखादी डुलकी. दोन वेळचे जेवण, मधला खाऊ, लंगोट बदलणे, हे सारे धरून दोन-अडीच तास. राहिले सुमारे पाच तास. पाच तास मूल रमवणे घरात आपण रोज करतो, त्याची वाच्यताही होत नाही. तेव्हा विमानात काही जगावेगळे करायचे नव्हते. घरातला एक दिवस उचलून विमानात न्यायचा होता.

याच विचाराने विमान निवडले. मध्यरात्रीनंतरचे विमान घेतले असते तर तिची रात्रीची झोप विमानतळावरच्या रांगेत मोडली असती. आम्ही दुपारी एकच्या सुमाराचे घेतले. लेक रोज दीडच्या आसपास झोपते. पाळणा मिळावा म्हणून चौकशी केली, पण भिंतीला लावायचा तो पाळणा बहुतेक विमानांत दहा-अकरा किलोपर्यंतच्याच बाळाला चालतो. आमची लेक साडेअकरा किलोची. त्यामुळे मांडी हाच पाळणा.

पाठीवरची एक पिशवी फक्त तिची. लंगोट आठ, दर दीड तासाला एक या हिशेबाने. तिचे तीन कपडे आणि आमचाही एकेक जोड, कारण मूल ओकते किंवा सांडते ते आपल्या अंगावर. नमाजेसाठी एकेक पाक जोड वेगळ्या पिशवीत बांधला. तान्ह्या मुलांच्या आयांना हे समजेल. इस्तिंजासाठी एक रिकामी बाटली. रोजची तिची गोधडी, न धुतलेली, घरच्या वासाची. नवी, मऊ, महागडी चादर मुलाला ओळखीची नसते.

खाण्यात डब्यात मऊ भात-वरण, तांदळाच्या भाकरीचे दुधात भिजवता येतील असे तुकडे, रव्याचे छोटे लाडू, केळी, बिया काढून बारीक चिरलेला खजूर. काजू-बदाम, चणे, द्राक्षे नेली नाहीत. एवढ्या लहान मुलाच्या घशात ते अडकू शकते आणि विमानात दवाखाना जवळ नसतो. पातळ पदार्थांना हातातल्या सामानात 100 मिलिलिटरची मर्यादा असते, पण बाळाचे दूध आणि खाणे प्रवासापुरते त्याहून जास्त नेऊ देतात. तपासणीच्या वेळी ते स्वतःहून बाहेर काढून दाखवले की काम लवकर होते. ब्रिटनमध्ये भारतातून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून तसले सगळे उतरण्याआधी संपेल एवढेच घेतले. हलाल जेवण तिकिटाबरोबरच नोंदवले होते. ते आदल्या दिवशीपर्यंत तरी सांगून ठेवावे लागते.

आणि खेळणी? ती फार थोडी होती. पनवेलच्या फोटो स्टुडिओत आम्ही आठ फोटो मोठे करून, वर प्लास्टिक चढवून घेतले होते. नानी, मामू, मामी, त्यांचे घर, नानीची खुर्ची, नानी जानमाजवर बसलेली. निघण्याआधी महिनाभर रोज झोपताना ते फोटो पाहायचे. स्टीलची एक छोटी डबी, तिच्यात दुसरी, तिच्यात तिसरी. चिकटवायचे आणि काढायचे कागदी ठिपके. दादीची जुनी ओढणी. दोन चित्रांची पुस्तके. एवढेच. या वयाचे मूल एका वस्तूशी चार-पाच मिनिटे खेळते, मग दुसरी मागते. म्हणून वस्तू एकेक करून काढायची आणि नवी दिली की जुनी नजरेआड करायची. दोन तासांनी तीच जुनी पुन्हा नवी होते.

विमान वर जाऊ लागले तसे आम्ही सफरीची दुआ पढली आणि लेकीच्या तोंडात दुधाची बाटली दिली. कानाच्या आतल्या पोकळीपासून घशापर्यंत एक बारीक नळी असते. विमान चढताना-उतरताना हवेचा दाब बदलतो, तेव्हा ती नळी उघडली नाही तर कानाचा पडदा ताणला जातो आणि दुखतो. गिळताना, चोखताना ती नळी उघडते. मोठी माणसे जांभई देतात, गिळतात. मुलाला हे सांगता येत नाही, म्हणून बाटली, छाती किंवा पाण्याचा घोट. चढतानापेक्षा उतरताना त्रास जास्त होतो आणि विमान उतरायला साधारण अर्धा तास आधीपासून सुरुवात करते. त्या वेळेसाठी एक बाटली आम्ही मुद्दाम राखून ठेवली होती.

आईच्या पट्ट्याला जोडायचा एक छोटा पट्टा मुलासाठी वेगळा देतात. आपल्याच पट्ट्यात मुलाला गुंडाळून बसू नये. धक्का बसला तर आपले सगळे वजन मुलावर येते. तो छोटा पट्टा लावला, गोधडी पांघरली, आणि अल्हम्दुलिल्लाह, दोनच्या आधी लेक झोपली.

तेवढ्यात आम्ही नमाजा उरकल्या. आम्ही कोकणी, शाफई मसलकाचे. सफरीत चार रकातींच्या दोन करण्याची आणि जोहर-असर एकत्र पढण्याची सोय आम्हाला आहे. विमानाच्या मागच्या बाजूला कर्मचाऱ्यांची परवानगी घेऊन एका वेळी एक जण गेलो. दुसऱ्याच्या मांडीवर लेक.

या 'एका वेळी एक'वरच आमचे सगळे दहा तास चालले. तासभर एकाची पाळी, तासभर दुसऱ्याची. ज्याची पाळी नाही त्याने डोळे मिटायचे, मध्ये बोलायचे नाही. लंगोट बदलणे हे एकीचे आणि बॅगा उचलणे हे एकाचे, असे वाटून घेतले नव्हते. लंगोट बदलायची फळी विमानाच्या त्या चिमुकल्या संडासात दुमडलेली असते. तिथे बापही उभा राहू शकतो आणि आईही. चहासुद्धा पाळीपाळीने घेतला. मांडीवर मूल असताना पुढ्यात गरम चहाचा पेला ठेवणे धोक्याचे आहे. एक हिसका पुरतो.

लेक उठली तेव्हा घड्याळात चार वाजले होते आणि बाहेर उन्हाला ढळायची घाई नव्हती. विमान पश्चिमेला जात होते, दिवसही आमच्याबरोबर लांबत होता. विमानातली हवा फार कोरडी असते आणि आतला दाब सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावा तसा. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आत आहे, म्हणजे त्याहूनही उंच. अशा हवेत ओठ सुकतात, मूल उगीच किरकिर करते. आम्ही दर अर्ध्या तासाने तिला दोन घोट पाणी देत राहिलो. तिची निम्मी किरकिर तहानेची होती, ती पाण्याने गेली.

मग खेळ. ओकण्यासाठी ठेवलेली कागदी पिशवी हातात घालून तिचा बकरा केला आणि तिला बोलायला लावले. पुढच्या खुर्चीच्या पाठीवर ठिपके चिकटवले, काढले. दादीची ओढणी डोक्यावरून घेऊन लपाछपी. चालायच्या वाटेवरून तिचे बोट धरून मागपर्यंत जाऊन येणे, असे सात-आठ वेळा. कर्मचारी मुलीने चार कागदी पेले दिले. त्यांचा मनोरा झाला, मग त्यांत खोटा चहा झाला. लेक आम्हाला पेला देई, आम्ही फुंकर मारून सुर्र करून पिऊ, ती खुश होऊन दुसरा भरून देई. हा चहा पाऊण तास चालला. कुठल्याही दुकानात मिळणाऱ्या खेळण्यापेक्षा जास्त.

सातव्या तासाला ती रडली. सगळे केले, काही चालले नाही. पंधरा-वीस मिनिटे ती उंच स्वरात रडत होती. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ दोनदा मागे वळून पाहून गेले. अशा वेळी आईबापाचे तोंड कसे होते, हे सर्वांना ठाऊक आहे. माणूस मुलाला शांत करायचे सोडून लोकांची नजर चुकवू लागतो, मुलाला दाबून धरतो, 'चूप चूप' करतो. मूल आपल्या चेहऱ्यावरची भीती वाचते आणि जास्त रडते.

आम्हाला त्या वेळी आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत ऐकलेली एक गोष्ट आठवली. प्रेषित मुहम्मद (स.) लांब नमाज पढवण्याच्या इराद्याने उभे राहत, आणि मागून एखाद्या मुलाच्या रडण्याचा आवाज आला की आईच्या जिवाची घालमेल जाणून नमाज आटोपती घेत. मुलाला बाहेर न्या, असे त्यांनी म्हटले नाही. आपली नात उमामा हिला खांद्यावर घेऊन त्यांनी नमाज पढल्याचेही हदीसमध्ये आहे. सजद्याला जाताना खाली ठेवत, उठताना पुन्हा उचलून घेत. जिथे नमाजेत मुलाच्या रडण्याला जागा आहे, तिथे विमानात का नसावी? आम्ही त्या गृहस्थांना सलाम-नमस्काराच्या सुरात एवढेच म्हणालो, "कान दुखत असेल नाहीतर झोप आली असेल, होईल शांत." मग तिला घेऊन मागे गेलो, दिवे मंद होते तिथे उभे राहून तिला छातीशी धरले आणि रोज झोपवताना पढतो ते हळू आवाजात पढत राहिलो. घाई केली नाही. ती थकून खांद्यावर झोपली. परत जागेवर येताना त्याच गृहस्थांनी पाय आत घेऊन वाट दिली आणि विचारले, "झोपली का?"

उतरण्याच्या अर्धा तास आधी आम्ही तिला जागे केले. झोपलेल्या मुलाला उठवणे जिवावर येते, पण झोपेत मूल कमी गिळते आणि कान दाटतो. राखून ठेवलेली बाटली दिली. ती अर्धवट डोळ्यांनी प्यायली आणि खिडकीतून लंडनचे दिवे पाहू लागली.

लंडनचे घड्याळ ऑक्टोबरच्या त्या दिवसांत आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. तिथे संध्याकाळचे साडेसहा, लेकीच्या शरीरात रात्रीचे अकरा. पासपोर्टची रांग, सामान, मामूची गाडी. मामूने मुलांची खुर्ची गाडीत आधीच बसवली होती, तिथे ती कायद्यानेच लागते. लेक खुर्चीत बसल्याबसल्या झोपली. नानी दारात खुर्ची टाकून बसली होती. तिने झोपलेल्या नातीच्या पायावरून उजवा हात फिरवला आणि म्हणाली, "उठवू नका. आता आलीय ना."

आणि मग आम्ही ज्याची आखणी केली नव्हती ते झाले. लेक पहाटे तीनला टक्क जागी झाली. पनवेलला साडेसात वाजले होते, तिची रोजची उठायची वेळ. घर सामसूम. फक्त नानीच्या खोलीत दिवा होता. नानी तहज्जुदला उठते. लेक दारात जाऊन उभी राहिली. जानमाजवर बसलेली नानी तिने महिनाभर फोटोत पाहिली होती. तिने आधी नानीकडे पाहिले, मग टेबलावरच्या नानीच्या फोनकडे, मग पुन्हा नानीकडे. नानी हलली नाही, बोलावले नाही, नुसती हसून बसून राहिली. आम्हीही दाराबाहेर थांबलो. थोड्या वेळाने लेक आत गेली आणि जानमाजच्या कडेला बसली, घरी दादीजवळ बसते तशी.

मग उठून ती पिशवीकडे पळाली आणि विमानातले कागदी पेले घेऊन आली. एक नानीला दिला, एक स्वतः घेतला. डायलिसिसच्या माणसाला दिवसाचे पाणी मोजून प्यावे लागते. नानीच्या घरात त्यासाठी खुणा केलेली बाटली आहे, चहाही त्यातच धरतात. नानीने नातीच्या हातचा पेला घेतला, फुंकर मारली आणि सुर्र करून प्यायली. लेकीने लगेच दुसरा भरला. फजरची वेळ होईपर्यंत दोघींचा चहा चालला होता, आणि त्या चहाला मोजमाप नव्हते.